स्वयंपाकघरातून पाटीपर्यंत

केंद्र सरकारच्या २०२०च्या दप्तर धोरणानुसार पहिली-दुसरीच्या मुलांना गृहपाठ द्यायचा नाही, आणि तिसरी ते पाचवीच्या मुलांना आठवड्याला जास्तीत जास्त दोन तासांचा द्यायचा. हे वाचून पालकांची काळजी कमी होत नाही, उलट वाढते. शाळा घरी काही देणार नसेल तर मूल घरी शिकणार कसं, हा प्रश्न उरतोच. त्याला सध्या दोन उत्तरं मिळतात. काही घरांत बाजारातून सरावाच्या वह्या येतात, शिकवणी लागते आणि दिवाणखान्यात दुसरी शाळा भरते. काही घरांत अगदी उलटी भूमिका असते: मूल खेळता खेळता सगळं आपोआप शिकतं, मोठ्यांनी मध्ये पडू नये. या दोन्ही उत्तरांत थोडं तथ्य आहे, पण दोन्ही अपुरी आहेत. घरात भाषा आणि गणित भरपूर असतं, हे दुसऱ्या बाजूचं म्हणणं खरं आहे. ते कधीतरी कागदावर उतरलं पाहिजे, हे पहिल्या बाजूचं म्हणणंही खरं आहे. या दोन गोष्टी एकमेकींना कशा जोडायच्या, यावर मात्र फारसं कुणी बोलत नाही. घरच्या कामातलं गणित आणि भाषा मुलाशी बोलून स्पष्ट करणं आणि त्याच बैठकीत त्याला ती लिहायला लावणं, एवढीच घरच्या शिक्षणाची खरी गरज आहे, असं या प्रकरणाचं म्हणणं आहे.

आधी गृहपाठाचं पाहू. अमेरिकेतले संशोधक हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते २००३ या काळातल्या गृहपाठावरच्या अभ्यासांचा आढावा २००६ साली प्रसिद्ध केला. सातवीपासून पुढच्या वर्गांत गृहपाठ आणि प्रगती यांचा संबंध बऱ्यापैकी दिसतो, प्राथमिक वर्गांत तो फार क्षीण असतो, असं त्यांना आढळलं. याचं कारण समजायला अवघड नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला एकट्याने बसून, आपलं कुठे चुकतंय हे ओळखून, स्वतःला सुधारता येत नाही. त्याला समोर माणूस लागतो. 'क' एका पानावर पन्नास वेळा गिरवताना पहिल्या ओळीत जी चूक होते तीच शेवटच्या ओळीपर्यंत पक्की होत जाते, आणि मुलाचं लक्ष अक्षराकडे नसून पान कधी संपतं याकडे असतं. म्हणून घरी जे करायचं ते शाळेची नक्कल नसावं, इथवर बहुतेकांचं एकमत होईल. प्रश्न पुढे आहे. वही बाजूला ठेवून मुलाला स्वयंपाकघरात, बाजारात, अंगणात नेलं की काम झालं का?

या प्रश्नाचा फार चांगला शोध ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात घेतला गेला. तेरेझिन्हा काराहेर, डेव्हिड काराहेर आणि अनालुसिया श्लीमन यांनी १९८५ साली रस्त्यावर फळं-नारळ विकणाऱ्या नऊ ते पंधरा वर्षांच्या पाच मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. संशोधक गिऱ्हाईक होऊन गेले आणि व्यवहारातलीच त्रेसष्ट गणितं त्यांनी विचारली. मुलांची ९८.२ टक्के उत्तरं बरोबर आली. पुढे तीच गणितं शाळेतल्यासारखी घातली. शाब्दिक उदाहरणांत हे प्रमाण ७३.७ टक्क्यांवर आलं आणि नुसत्या आकड्यांच्या गणितांत ३६.८ टक्क्यांवर. बारा वर्षांच्या एका मुलाने चार नारळांचे पैसे सांगताना तीन नारळांच्या १०५मध्ये चौथ्याचे ३५ मिळवले आणि १४० हे बरोबर उत्तर दिलं. त्याच मुलाला ३५ गुणिले ४ कागदावर सोडवायला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, चार पंचे वीस, हातचे दोन. दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस. उत्तर लिहिलं २००. हातचा गुणाकाराच्या आधीच मिळवल्यामुळे ही चूक झाली. विक्रेता म्हणून चार नारळांचे २०० त्याने कधीच मागितले नसते, कारण तिथे उत्तर खरं वाटतं की नाही हे त्याला कळत होतं. कागदावर आकडे उतरले आणि त्यांचा नारळांशी असलेला संबंध तुटला.

चाळीस वर्षांनी भारतात याचा आणखी मोठा पुरावा मिळाला. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत विक्री करणाऱ्या १,४३६ मुलांचा अभ्यास करून २०२५ साली 'नेचर'मध्ये निष्कर्ष मांडले. ही मुलं मालाची किंमत, वजन आणि सुटे पैसे यांचा गुंतागुंतीचा हिशेब तोंडी आणि अचूक करत होती, पण पाठ्यपुस्तकातली त्याहून सोपी वजाबाकी किंवा भागाकार त्यांना जमत नव्हता. शाळेत जाणाऱ्या, बाजाराचा अनुभव नसलेल्या ४७१ मुलांची स्थिती बरोबर उलटी होती. नुसत्या आकड्यांची सोपी गणितं त्यांनी अधिक अचूक केली, पण बाजारातलं जे उदाहरण काम करणाऱ्या मुलांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जणांनी सोडवलं, ते शाळकरी मुलांपैकी फक्त एक टक्का मुलांना जमलं. ही मुलं पहिली-दुसरीतली नव्हती, वयाने मोठी होती. आपल्या दृष्टीने त्यामुळे निष्कर्ष अधिकच गंभीर होतो: वर्षानुवर्षं शाळेत किंवा बाजारात काढूनही एका ठिकाणची कुवत दुसऱ्या ठिकाणी आपोआप गेली नाही.

घरच्या उपक्रमांबद्दलचा भाबडेपणा इथे संपायला हवा. मुलाला भाजी आणायला नेलं, पोळ्या मोजायला सांगितल्या, म्हणजे त्याचं गणित सुधारेल, असं हा पुरावा सांगत नाही. आणि वह्यांवर वह्या भरल्या तर ते व्यवहारात हुशार होईल, असंही सांगत नाही. दोन काठांवर दोन वेगळी गणितं आहेत आणि मध्ये पूल बांधावा लागतो. शाळेत एका शिक्षकाला तीस-चाळीस मुलांसाठी हा पूल बांधता येणं कठीण आहे, कारण प्रत्येक मुलाच्या घरचा व्यवहार त्याच्यासमोर नसतो. घरात मात्र तांदळाचा डबाही असतो, पेन्सिलही असते आणि एका मुलामागे किमान एक मोठं माणूस असतं. हे काम घरीच सर्वांत सहज होण्यासारखं आहे.

एक साधा प्रसंग सविस्तर पाहू. घरात चार माणसं आहेत आणि रोज दोन वाट्या तांदूळ लागतात. आज मामा-मामी जेवायला आहेत. दुसरीतल्या मुलीला विचारायचं, "आज किती वाट्या घेऊ?" ती कदाचित चार म्हणेल, कदाचित अडीच. उत्तर चूक म्हणून टाकून द्यायचं नाही, "कसं काढलंस?" असं विचारायचं. चार माणसांना दोन, म्हणजे दोन माणसांना एक, म्हणून सहा माणसांना तीन, हे ती वाट्या समोर ठेवून स्वतः काढू शकते. मग तांदूळ तिनेच मोजायचे. पाणी दुप्पट, म्हणजे सहा वाट्या, तेही तिनेच घालायचं. बहुतेक घरांत गोष्ट इथे थांबते, आणि पुढची दोन मिनिटंच खरी मोलाची असतात. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिला लिहायला सांगायचं: ४ माणसं, २ वाट्या, ६ माणसं, ३ वाट्या, ८ माणसं, किती? खाली पाण्याचं ३ + ३ = ६. बेरजेची खूण कुठून आली, बरोबरचं चिन्ह काय सांगतं, हे तिला आता ठाऊक असतं, कारण तिच्या हाताने ते नुकतंच घडलेलं असतं. दुसऱ्या दिवशी उलट वाटेने जायचं. पुस्तकातलं १२ – ७ घ्यायचं आणि तिला त्याची गोष्ट करायला सांगायची: बारा लाडू केले, सात संपले, उरले किती. कामाकडून कागदाकडे आणि कागदाकडून कामाकडे असं दोन्ही बाजूंनी जाणं झालं, तरच रेसिफेच्या त्या मुलाची चूक टळते. २०० हे उत्तर पाहून मूल स्वतःच म्हणतं, एवढे कसे होतील?

कृतीची लिहिलेल्या आकड्याशी जोड खेळातही महत्त्वाची ठरते. रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमाणी यांनी अमेरिकेत गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना एक ते दहा आकड्यांच्या एका सरळ पटावरचा खेळ दिला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात मुलं सगळं मिळून सुमारे तासभरच खेळली, तरी मुलांची संख्यांची समज वाढली आणि नऊ आठवड्यांनंतरही टिकून होती. आकड्यांऐवजी नुसते रंग असलेल्या तशाच पटावर खेळलेल्या मुलांना हा फायदा झाला नाही. पुढे एलिडा लास्की आणि सीग्लर यांनी शंभरापर्यंतचा पट घेतला आणि त्यांना एक महत्त्वाची गोष्ट दिसली. सोंगटी पुढे नेताना घरावरचा आकडा उच्चारत जाणारी मुलं शिकली. दरवेळी एक, दोन, तीन असं नव्याने मोजणारी मुलं तेवढी शिकली नाहीत. आपल्याकडे सापशिडी घरोघर असते. सोंगटी ३३वर असताना चार पडले, तर मुलाने "एक, दोन, तीन, चार" न म्हणता "चौतीस, पस्तीस, छत्तीस, सदतीस" म्हणायचं. पट तोच, फासा तोच, वेळही तेवढाच. पण पहिल्या प्रकारात मूल फक्त चारपर्यंत मोजतं आणि दुसऱ्यात शंभरापर्यंतच्या संख्यांचा क्रम त्याच्या तोंडी आणि डोळ्यांसमोर एकदम येतो. सापाने गिळल्यावर "किती घरं खाली आलास?" एवढं विचारलं की वजाबाकीही झाली.

मराठी मुलाला संख्यांच्या बाबतीत एक जादा अडचण असते. आपण पंचेचाळीस म्हणतो तेव्हा पाच आधी ऐकू येतात आणि चाळीस नंतर. लिहिताना मात्र चार आधी येतो. म्हणून अनेक मुलं ऐकलेलं पंचेचाळीस ५४ असं लिहितात. एकोणपन्नासमध्ये तर पन्नास ऐकू येतात आणि लिहायचे असतात ४९. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'चाळीस पाच' अशी जोडवाचनाची पद्धत रूढ नावांच्या सोबत दिली, तेव्हा मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी ही पद्धत मुलांच्या सोयीसाठी असल्याचं पुन्हा पुन्हा सांगितलं. त्या वादात कुणीही कोणतीही बाजू घ्यावी, पण अडचण खरी आहे आणि तिच्यावरचा उपाय घरात आहे. खराट्याच्या काड्या किंवा चिंचोके घ्यावेत. दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधावेत किंवा दहा-दहा चिंचोक्यांच्या पुड्या कराव्यात. "पंचेचाळीस दे" म्हटल्यावर मुलाने चार गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या द्याव्यात, चार गठ्ठे डावीकडे मांडावेत, सुट्या उजवीकडे, आणि खाली ४५ लिहावं. महिनाभर रोज चार-पाच संख्या झाल्या तरी एकक आणि दशक हे शब्द मुलाला परके राहत नाहीत.

भाषेच्या बाबतीतही मोठ्यांची समजूत एका टोकाची असते. गोष्ट सांगितली की वाचन येईल, असं काहींना वाटतं. बाराखडी घोकली की वाचन येईल, असं इतरांना. कॅनडात मोनिक सेनेशाल आणि जो-ॲन लफेव्हर यांनी मुलांचा तिसरीपर्यंत पाठपुरावा करून २००२ साली जे मांडलं, त्यातून दिसतं की या दोन वेगळ्या वाटा आहेत. घरी गोष्टींची पुस्तकं वाचून दाखवल्याने शब्दसंपत्ती आणि ऐकून समजण्याची कुवत वाढते, आणि पुढे तिसरीतल्या वाचनात ती कामाला येते. पण अक्षरओळख तेवढ्याने होत नाही. ती अक्षरांवर बोट ठेवून, लिहून, दाखवूनच होते. मराठीत तर हे काम लांबतं. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांच्या वाचनावर केलेलं काम सांगतं की भारतीय लिप्यांतली अक्षरं पूर्ण हाती यायला प्राथमिक शाळेतली अनेक वर्षं जातात. इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांपुढे आपल्या बाराखडीत चारशेहून अधिक रूपं आहेत, जोडाक्षरं वेगळीच. पहिलीच्या दिवाळीत मूल अडखळत वाचतं म्हणून धास्तावण्याचं कारण नाही. त्याने रोज थोडं वाचावं आणि थोडं लिहावं, याची सोय मात्र हवी.

ही सोय किराणाच्या यादीतून होते. डबे बघून काय संपलंय ते मुलाने सांगावं आणि त्यानेच लिहावं: साखर, रवा, डाळ, तेल. त्याने 'साकर' लिहिलं तर खोडरबर पुढे करू नये. साखरेचं नाव छापलेला पुडा शेजारी ठेवावा आणि "तुझ्यात आणि यात काय वेगळं आहे, शोध" म्हणावं. आवाज ऐकून मूल अंदाजाने लिहितं, तेव्हा त्याचे कान आणि अक्षर यांची सांगड बसत असते. त्याच क्षणी योग्य रूप दाखवलं तर ते टिकतं. पाव किलो, अर्धा किलो, दीड किलो हेही यादीत येऊ द्यावं. भेंडी अर्धा किलो तीस रुपयांना असेल तर पाव किलो किती, हा प्रश्न अपूर्णांकांचा धडा येण्याच्या कितीतरी आधी मूल सोडवतं. गोष्ट सांगतानाही मध्ये थांबून "आता म्हातारी काय करेल?" असं विचारावं आणि शेवटी मुलाने सांगितलेलं एक वाक्य त्याच्याच शब्दांत मोठ्या अक्षरात लिहून त्याच्याकडून वाचून घ्यावं. स्वतः बोललेलं वाक्य वाचणं मुलाला सर्वांत सोपं जातं, कारण अर्थ त्याला आधीच माहीत असतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की हे सारं शिकलेल्या आई-बापांचं आहे. ज्यांना स्वतःला वाचता येत नाही त्यांनी काय करायचं? महाराष्ट्रात या प्रश्नाचं उत्तर फार पूर्वी शोधलं गेलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीत आणि १९५७पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केलं. महागड्या माँटेसरी साधनांच्या जागी त्यांनी गारगोट्या, बिया, पानं, शिंपले आणले. मुलं गुरांमागे जातात म्हणून शाळाच कुरणात नेली. मुलांभोवतीच्या साधनांतून आणि जगण्यातून शिक्षण उभं राहतं, हे त्यांनी दाखवून दिलं. अलीकडे राज्यात शाळापूर्व तयारी अभियानातून गावोगावच्या मातांचे गट झाले, त्यामागेही हाच विश्वास आहे. रुक्मिणी बॅनर्जी, जेम्स बेरी आणि मार्क शॉटलँड यांनी बिहार आणि राजस्थानात केलेल्या प्रयोगात मातांना साक्षरतेचे वर्ग किंवा मुलांसोबत करायचे घरगुती उपक्रम दिले गेले. मुलांच्या गणितात सुधारणा दिसली, पण ती लहान होती. चमत्काराची आशा ठेवू नये, असा याचा अर्थ. पण अक्षर न येणाऱ्या आईचा सहभागही वाया जात नाही, असाही अर्थ आहे. तिने मोजायला लावावं, कारण विचारावं, आणि "आता लिहून दाखव" म्हणावं. लिहिलेलं बरोबर की चूक हे मोठं भावंड, शेजारची ताई किंवा शाळेतल्या बाई सांगू शकतात.

दुसरा आक्षेप मनातला असतो: माझंच गणित कच्चं होतं, मी काय शिकवणार? ही भीती दुर्लक्ष करण्यासारखी नाही. एरिन मलोनी आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखवलं, की गणिताची भीती असलेले पालक जेव्हा वारंवार गृहपाठ करून घेतात, तेव्हा मुलं वर्षभरात गणित कमी शिकतात आणि भीती मात्र उचलतात. त्याच वर्षी 'सायन्स'मध्ये तालिया बर्कोविट्झ आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. शिकागो परिसरात पहिलीच्या ५८७ मुलांच्या या अभ्यासात काही घरांना झोपण्यापूर्वी वाचायच्या गणिती गोष्टी दिल्या होत्या. त्या वाचल्याचा सर्वाधिक फायदा गणिताला घाबरणाऱ्या पालकांच्याच मुलांना झाला. दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवले की दिशा स्पष्ट होते. घाबरलेल्या पालकाने शिक्षकाची भूमिका घेतली तर नुकसान होतं. मुलाबरोबर बसून एखाद्या रोजच्या प्रश्नावर बोललं तर फायदा होतो. तांदूळ मोजताना कुणीही नापास होत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. घरकामातून शिक्षण म्हटलं की मुलांना, त्यातही मुलींना, कामाला जुंपण्याला शैक्षणिक मुलामा मिळतो. शिवाय शाळेची जबाबदारी घरावर ढकलली जाते. ही भीती रास्त आहे, म्हणून मर्यादा आखून घ्यायला हवी. काम मुलाच्या शिकण्यासाठी निवडलेलं असावं, दहा-पंधरा मिनिटांत संपावं, आणि मुलग्याच्या वाट्यालाही तेवढंच यावं. लाटणं मुलीच्या हाती आणि हिशेब मुलाच्या हाती, अशी वाटणी झाली तर आपण जुनाच अन्याय नव्याने शिकवू. कोलकाता-दिल्लीचा अभ्यास बालमजुरीचं समर्थन करत नाही; बाजारात पोट भरणाऱ्या मुलांच्या हुशारीचा शाळेला उपयोग करून घेता आला नाही, हे अपयश तो दाखवतो. शाळेची जबाबदारीही कमी होत नाही. 'असर'ची पाहणी २००५पासून ग्रामीण घरांत जाऊन मुलांचं वाचन तपासते, आणि २०२४मध्येही देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत नव्हता. तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचन आणि मूलभूत गणित यावं यासाठी 'निपुण भारत' अभियान जुलै २०२१मध्ये सुरू झालं, ते शाळांसाठीच आहे. घराने शाळेची जागा घ्यावी असं इथे कुणी म्हणत नाही. जे शाळेच्या हातात नाही, तेवढं घराने करावं.

मूल इंग्रजी माध्यमात असेल तर हे मराठीतून करून काय उपयोग, असंही विचारलं जातं. दहाचा गठ्ठा कोणत्याही भाषेत दहाच असतो. "कसं काढलंस?" या प्रश्नाला मूल ज्या भाषेत मोकळेपणाने उत्तर देतं तीच त्याची विचाराची भाषा; समजलेली गोष्ट दुसऱ्या भाषेत सांगणं पुढे सोपं जातं, न समजलेली घोकणं मात्र दोन्ही भाषांत अवघडच.

म्हणून वाचकहो, आज संध्याकाळी नवी वही आणू नका. घरात एरवी होणारं एखादं काम निवडा, त्यात मुलाला हात घालू द्या, त्याचा अंदाज विचारा, तो कसा काढला ते ऐकून घ्या आणि शेवटी दोन ओळी त्याच्याकडूनच लिहवून घ्या. रोज जमलं नाही तरी आठवड्यातून तीन-चार दिवस करा आणि पहिलीपासून तिसरीपर्यंत सोडू नका. एखाद्या दिवशी घाई असेल तर खेळ कमी करा, गोष्ट लहान करा, पण त्या दोन ओळी लिहायच्या राहू देऊ नका.